साक्षीला जाताय? मग फाईल ठाण्यातच राहू द्या

साहेब, समन्स मिळालं ना? सोमवारी नागपुरात, सिव्हिल लाईन्सला, जिल्हा कोर्टात. गुन्हा जुना, जबरी चोरीचा, आणि तपासी अंमलदार तुम्ही. घाबरायचं काम नाही. प्रशिक्षणात तुम्हाला कवायत शिकवली, कलमं शिकवली. पिंजऱ्यात उभं राहून बोलायचं कसं, हे मात्र कोर्टातल्या मागच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. आमच्या मावशीच्या गळ्यातली सोन्याची पोत भर सकाळी ओढून नेली होती, त्या खटल्याच्या निमित्ताने मी त्या बाकावर बसून आलोय. परवा निकाल लागला. आरोपी सुटला. तेव्हा माझा अभ्यास अगदी ताजा आहे, आणि सल्ला फुकट.

पहिलं म्हणजे फाईल वाचू नये. वाचली की तारखा लक्षात राहतात, आणि तारखा लक्षात राहिल्या की उत्तरं द्यावी लागतात. सरकारी वकिलांना आदल्या दिवशी भेटायच्या भानगडीत पडू नका. ते तुम्हाला व्हरांड्यातच गाठतील, गळ्यातला पांढरा बँड नीट करता करता विचारतील, "पंचनामा तुमचाच ना?" हो म्हणा. झाली तयारी.

ओळख परेड, म्हणजे रांगेतून आरोपी ओळखणं, तहसीलदारांसमोर होते, त्याला वेळ लागतो. त्यापेक्षा फिर्यादी बाईला ठाण्यात बोलावून "हाच ना मावशी?" असं आधीच विचारून टाका.

पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, चहाच्या टपरीवरचा नेहमीचाच घ्या, सही करायला सरावलेला असतो.

सीसीटीव्हीचं फुटेज पेन ड्राइव्हवर घ्या आणि तसंच जोडून द्या. फुटेज कुठून, कसं घेतलं याचं प्रमाणपत्र वगैरे मागे लावू नका. जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टाने पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र बंधनकारकच असल्याचं सांगितलं, पण जालना कुठे आणि नागपूर कुठे! १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात तेच प्रमाणपत्र कलम ६३ मध्ये आहे. तेही वाचू नका.

बदली झाली असेल तर दुधात साखर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३६ मुळे तुमच्या जागेवर आलेला अधिकारी तुमच्या कागदांवर साक्ष देऊ शकतो. ज्याने पाहिलं आणि विसरला, त्याच्याऐवजी ज्याने पाहिलंच नाही तो.

आता पंचनामा. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. चालतं ते एवढंच की आरोपीने अमुक सांगितलं आणि त्यावरून अमुक वस्तू मिळाली. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २७. म्हणजे मावशीची अख्खी केस त्या एका जप्ती पंचनाम्याच्या खुंटीला टांगलेली. तर या पंचनाम्यावर वेळ काय टाकावी? दुपारी साडेबारा ते सव्वा. जागा? इतवारीतलं सराफाचं दुकान. तारीख? तान्ह्या पोळ्याची! नागपूरच्या माणसाला पुढचं सांगायला नको. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूकच, इतवारीपासून महालापर्यंत पाय ठेवायला जागा नसते. बचावाच्या वकिलाने शांतपणे स्टेशन डायरीची नक्कल काढली. तीत मावशीच्या केसच्या तपासी साहेबांची त्याच वेळेची नोंद होती, मारबतीचा बंदोबस्त, नेहरू पुतळा चौक.

"साहेब, मारबत पाहिली का?"

"हो."

"पूर्ण?"

"हो, पूर्ण."

"मग जप्ती कोणी केली?"

"आठवत नाही."

कोर्टात हशा पिकला. मुद्देमाल कारकुनाने खाकी पाकीट पुढे ठेवलं. लाखेचं सील अर्धं निघालेलं, लेबलवर एका पंचाची सही, दुसऱ्याच्या जागी निळ्या पेनाची नुसती रेघ. साहेबांनी पाकीट उलटंपालटं केलं, जणू प्रथमच पाहत होते. पाहिलंही असेल प्रथमच, कोणास ठाऊक! "लेबल कोणी लावलं?" आठवत नाही. "सराफाचं बिलबुक पाहिलं का?" आठवत नाही. "दुकानाची पायरी किती उंच?" हा प्रश्न फालतू होता, मान्य. पण त्यालासुद्धा आठवत नाही! अहो, निदान तुमचं गाव तरी आठवतंय का?

आणि शेवटी वकिलाने सुचवलं की पंचनामा ठाण्यात बसून लिहिलाय, तेव्हा साहेब एकदम ताठ झाले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हे म्हणणे खरे नाही." तेवढं एक वाक्य पाठ होतं.

याच पिंजऱ्यात आमची मावशी उभी राहिली होती. साठी उलटलेली, गुडघे दुखतात, तरी बसायला दिलेल्या खुर्चीवर बसली नाही. चष्मा होता का, ऊन डोळ्यांवर होतं का, गाडी किती फुटांवर होती, सगळं विचारलं तिला. सगळं सांगितलं तिने. पोत ओढणाऱ्याच्या मनगटावरचा काळा दोरासुद्धा सांगितला. तिला कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. तिच्याकडे फाईलही नव्हती.

आणि तुमच्याकडे होती. कोर्टाच्या परवानगीने स्वतः केलेला कागद पाहून स्मृती ताजी करायची मुभा १८७२ पासून आहे तुम्हाला. "आठवत नाही" म्हणायची पाळीच का यावी? पंच फितूर झाला तरी तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर जप्ती शाबीत होऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. विश्वास ठेवावा अशी साक्ष तर द्या! एक संध्याकाळ लागते फाईल वाचायला. बंदोबस्त आहे, व्हीआयपी दौरे आहेत, अधिवेशन आहे, माणसं कमी आहेत, सगळं कबूल. मग ज्यांनी सुटी द्यायची, ज्यांनी तयारी करून घ्यायची, ते वरचे साहेब काय करतात? किशनभाई खटल्यात, जानेवारी २०१४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्याच्या गृहखात्याला बजावलंय की आरोपी सुटला की का सुटला ते तपासा, दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करा आणि त्या चुका प्रशिक्षणात शिकवा. आमच्या निकालाची प्रत कोणी मागितली का हो? तारखेच्या दिवशी तुमच्याच डायरीतली नोंद तुम्हाला पहिल्यांदा विरुद्ध बाजूचा वकील दाखवतो, याची लाज वाटायला हवी.

निकालानंतर जिन्यावर साहेब भेटले. मावशीला म्हणाले, "काही नाही मावशी, अपील करता येतं." येतं ना. सरकारला येतं, तिलाही येतं. पण अपिलात वरचं कोर्ट वाचणार काय? तुमचीच साक्ष, साहेब.