लिग्निनचे डांबर आणि रस्त्यातले पाणी

नागपूर–मनसर बाह्यवळणावर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, डिसेंबर २०२४ मध्ये लिग्निनमिश्रित डांबराचा पट्टा खुला झाला, तेव्हापासून मराठी चर्चेत दोन सूर ऐकू येतात. एका बाजूचे म्हणणे असे की, देशाला लागणारे जवळपास निम्मे डांबर आयात होते, ती आयात घटेल आणि शेतातला पेंढा जाळावा लागणार नाही. दुसरी बाजू म्हणते, आधी खड्डे बुजवा, मग प्रयोग करा. नेदरलँड्समध्ये राहून हा वाद वाचताना वाटते की, या दोघांच्या मध्ये खरा प्रश्न हरवतो आहे.

लिग्निन म्हणजे लाकडाला आणि पेंढ्याला ताठपणा देणारे द्रव्य. कागद गिरण्यांत आणि पेंढ्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांत ते मागे उरते. रस्त्याच्या मिश्रणात वजनाने ५ टक्क्यांच्या आसपासच डांबर असते, बाकी सारी खडी, कच आणि भुकटी. नागपूरला त्या डांबरातला १५ टक्के हिस्सा लिग्निनने घेतला. त्याने डांबर कडक होते, म्हणून विदर्भाच्या उन्हात जड ट्रकच्या चाकांखाली चर कमी पडावेत. पण डांबर जुने होत गेले की हाच कडकपणा तडे जाण्याचे कारण ठरू शकतो, आणि ते कळायला काही उन्हाळे-पावसाळे जावे लागतात.

खड्डा मात्र बहुधा वेगळ्याच कारणाने पडतो. रोलर फिरेपर्यंत मिश्रण थंड झाले तर दबाई अपुरी राहते, पोकळ्यांत पाणी मुरते आणि खडीवरचे डांबर सुटू लागते. इथे नेदरलँड्समध्ये कितीतरी जमीन समुद्रसपाटीखाली असल्याने रस्ता आखतानाच निचऱ्याचा विचार होतो. तो न करता कोणतेही डांबर वापरले तरी खड्डे पडणारच, आणि दोष विनाकारण लिग्निनवर जाईल, याची मला मनापासून काळजी वाटते.

इथल्या झीलंड प्रांतात लिग्निनचा चाचणी पट्टा २०१५ मध्येच झाला, २०१७ मध्ये वाखेनिंगन विद्यापीठाच्या आवारात सायकलमार्ग झाला, तरीही हा देश अजून चाचण्यांच्या टप्प्यातून पुरता बाहेर पडलेला नाही. हा संथपणा मला योग्य वाटतो. मात्र इथल्या सौम्य उन्हाळ्यातले निष्कर्ष नागपूरला लागू पडणार नाहीत. ते नागपूरलाच काढावे लागतील. त्यासाठी लिग्निनच्या पट्ट्यालगतच्या साध्या डांबराच्या पट्ट्यावरही दर वर्षी चरांची खोली आणि तडे मोजावेत, आकडे लोकांसमोर ठेवावेत, आणि त्या पावसाळ्याआधी बाजूचे गटार साफ झाले होते का, हेही त्याच नोंदीत लिहावे.