सूत्रांना सगळं कळतं, फक्त कामाचं कळत नाही

सकाळी पेपर उघडावा, आज पाणी येणार का नाही ते बघावं, तर अर्धं पान कुणी अडवलंय? मुंबईच्या एका हिरॉईननं. तिनं म्हणे इन्स्टावरून नवऱ्याचं आडनाव काढलं. मथळा, 'घटस्फोटाच्या वाटेवर?' शेवटचं ते प्रश्नचिन्ह म्हणजे या गॉसिपवाल्यांची ढाल. उद्या ती बाई म्हणाली की बाबांनो, आमचं झकास चाललंय, तर हे मोकळे. आम्ही कुठं म्हटलं, आम्ही नुसतं विचारलं! मग मीही चौकातल्या फळ्यावर लिहितो, 'अमुक संपादकाच्या घरी काल भांडी आपटली?' चालेल का?

पुढचा मजकूर ठरलेला. 'जवळच्या सूत्रांच्या माहितीनुसार'. ही जवळची सूत्रं म्हणजे बऱ्याचदा त्याच ताऱ्यानं पगारावर ठेवलेली पीआरची माणसं. सिनेमा लागायच्या तोंडावर अफेअर, सिनेमा पडला की ब्रेकअप. विमानतळावर 'अचानक दिसली' म्हणून जिचा फोटो येतो, तिची वेळ आणि गेट फोटोवाल्यांना आधीच कळवलेलं असतं. ती मास्क लावून तोंड लपवल्यासारखं करते, हे 'मॅडम, इकडं' म्हणून बोंबलतात. दोघांचंही पोट भरतं, येडे आपण ठरतो. आणि जो गडी गप आपलं काम करून घरी जातो त्याला काय शिक्का? 'माज आलाय'.

रोग जुनाच आहे. हॉलिवूडमध्ये लुएला पार्सन्स आणि हेडा हॉपर या दोन बायकांच्या कॉलमला मोठमोठे स्टुडिओवाले टरकून असायचे. हॉपरबाई चार्ली चॅप्लिनच्या मागं वर्षानुवर्षं हात धुऊन लागली होती. तो कम्युनिस्ट, त्याची लफडी, एक ना दोन. १९५२ साली तो बाहेर पडला आणि अमेरिकेनं त्याची परतीची वाटच बंद केली. आपल्याकडं 'स्टार अँड स्टाइल'मधून देवयानी चौबळ लिहायच्या, १९७१ मध्ये 'स्टारडस्ट' आलं. विषारी होतं, पण निदान चौबळबाई स्वतःचं नाव टाकून लिहायच्या. शिव्या द्यायला समोर माणूस तरी होतं. आता खाली काय असतं? 'वेब डेस्क'. शिव्या द्यायच्या कुणाला, टेबलाला?

आणि हे नुसतं करमणुकीवर थांबत असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला. त्यानंतर रिया चक्रवर्तीला काय काय ठरवलं नाही? खुनी, चेटकीण, काळी जादूवाली. ड्रग्जच्या केसमध्ये २८ दिवस ती भायखळ्याच्या तुरुंगात होती. मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं सुशांतच्या मृत्यूचा तपास बंद करायचा अहवाल दिला. तेव्हा आमच्या गल्लीत त्यावर कोण बोललं? कोणीच नाही. २०२० ला मात्र चहाच्या गाड्यावर उभा असलेला प्रत्येक जण फॉरेन्सिक तज्ज्ञ होता.

धर्मेंद्रचं तर विचारूच नका. ११ नोव्हेंबर २०२५ ला माणूस जिवंत असताना याच लोकांनी त्याला मारून टाकलं. आमच्या आत्तीनं घरच्या ग्रुपवर हात जोडून, फुलं वाहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली, त्याखाली सतरा जणांनी हात जोडले. मग त्याच्या पोरीला जाहीर सांगावं लागलं की बाबा बरे होतायत. २४ तारखेला तो खरंच गेला. आत्तीनं तीच फुलं पुन्हा पाठवली. या सगळ्यात माफी कुणी मागितली? पहिल्या 'ब्रेकिंग'चे पैसे केव्हाच खिशात गेले होते.

पण माझं डोकं खरं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीवर. हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा जुळवला आणि १९२० मध्ये सिनेमा पडद्यावर आणला. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ ला इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती नंतर. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्याखालून रोज गाड्या हाकतो आपण. त्या गावात आज सलूनमध्ये बसलं की चर्चा काय? गळ्यावर वस्तरा ठेवून पोरगं मला विचारतंय, "काका, ती खरंच प्रेग्नंट आहे काय?" आता वस्तरा गळ्यावर असताना माणूस काय बोलणार? तिचा शेवटचा सिनेमा कोणता, दिग्दर्शक कोण, काम कसं केलंय, हे त्याला ठाऊक नाही. त्याचा काय दोष? त्याला ते कुणी सांगितलंच नाही. कामावर दोन ओळी, कपड्यावर दोन पानं.

आणि ही सर्वज्ञ सूत्रं आमच्या उपयोगाला कधी आली? भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओच्या जागेचा व्यवहार २०२० मध्येच होऊन गेला होता. गावाला कळलं २०२२ ला, मग कलाकार रस्त्यावर बसले. दोन वर्षं! हिरॉईननं नाश्त्याला काय खाल्लं ते तासाभरात कळतं, आणि भालजींचा स्टुडिओ विकला गेलेला दोन वर्षं एकाही सूत्राला कळू नये? ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तर आठवडाभरात परत बिकिनी आणि बाळ. भाजून काळ्या पडलेल्या त्या भिंतींना कोण क्लिक करणार, बरोबर ना?

काल आत्तीनं परत एक लिंक टाकली. 'लोकप्रिय मराठी अभिनेत्यानं घेतला मोठा निर्णय, चाहत्यांना धक्का'. म्हटलं, बघू तरी. उघडली. गुडघेदुखीचं तेल, प्लॉटची जाहिरात, परत तेल, मग त्याचं बालपण, मग तेल. बोट दुखेस्तोवर खाली सरकवलं तेव्हा कुठं निर्णय सापडला.

मिशी काढली त्यानं. मिशी! आणि त्याच्या येणाऱ्या नाटकाचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं हो.