82 वेळा टक्: वेदरफर्डच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुम्ही स्वतःच वय 77 लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, राग मानू नका. उत्तराला आठ दिवस लागले कारण तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचून चिडलो, दुसऱ्यांदा वाचून गप्प बसलो आणि तिसऱ्यांदा वाचताना मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो, आणि तिथेच माझी विकेट पडली. ते सांगतो पुढे.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेडी वेदरफर्ड हा कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ पियानोवादक, जन्म 1903 चा, शिकागोत नाव काढलं, मग शांघाय, मग आपल्या मुंबईत ताजमध्ये क्रिकेट स्मिथच्या बँडबरोबर (हो, माणसाचं नाव क्रिकेट, खेळाशी संबंध नाही, ट्रंपेट वाजवायचा), आणि शेवटी युद्धाच्या काळात कलकत्त्याला ग्रँड हॉटेलात स्वतःचा बँड. तिथेच 25 एप्रिल 1945 ला कॉलऱ्याने गेला, 41 व्या वर्षी. मी त्याच्या रेकॉर्ड्स आणि रेडिओवरच्या कार्यक्रमांबद्दल लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं, की एक तर तो शिकागोतून 1928 ला गेला हे साफ चूक, 1926 लाच गेला. दुसरं, 'अर्ल हाइन्सने (शिकागोतलाच दुसरा मोठा जॅझ पियानोवादक) वेदरफर्डची स्टाईल उचलली' हे मी कशाच्या जोरावर लिहिलं, उलट वेदरफर्डच्या पॅरिसच्या रेकॉर्ड्स ऐकल्या तर त्यानेच हाइन्सची नक्कल केल्यासारखी वाटते. तिसरं, मी टाकलेली क्लिप जवळजवळ अर्ध्या सुराने चढी आहे. चौथं, कलकत्त्याच्या रेडिओ कार्यक्रमाचं वर्णन मी असं केलंय जसा काही मी तिथे बसलो होतो. आणि जाता जाता एक टोला, की आपले पेटीवाले सोडून हा परका पियानोवाला कशाला.

क्लिपपासून सुरू करतो कारण तिथे मी सपशेल आडवा झालोय. ती तबकडी माझीच आहे, काही वर्षांपूर्वी चोर बाजारात मिळालेली, युद्धाच्या काळातली, कोलंबिया कंपनीची कलकत्त्याची, कडेपासून आतपर्यंत बारीक तडा गेलेली. तडा सुईखाली आला की टक् होतं, प्रत्येक फेऱ्याला एकदा. तुम्ही लिहिलं होतं 'ते टक् टक् मोजा म्हणजे कळेल'. मला आधी समजलंच नाही काय मोजायचं, मग ट्यूब पेटली: तबकडी मिनिटाला 78 फेरे फिरायला हवी म्हणजे मिनिटात टक् पण 78 च यायला हवेत. मोजले. 82. पुन्हा मोजले, पुन्हा 82. म्हणजे पाच टक्के जास्त स्पीड, आणि अर्धा सूर म्हणजे साधारण सहा टक्के, त्यामुळे तुमचा कान स्टॉपवॉचपेक्षा भारी निघाला. चूक कुठे झाली तेही सापडलं, मित्राच्या टर्नटेबलवरून रेकॉर्ड केलं होतं, त्याला पिच कमीजास्त करायची सरकपट्टी असते, ती कुणीतरी वर सरकवून ठेवलेली आणि मी काही बघितलं नाही.

आणि हे मला ऐकूनसुद्धा कळायला हवं होतं, कारण क्लिपमध्ये गाणं वाजतंय जवळपास पांढरी तीनमध्ये (पाश्चात्यांचा E). सॅक्सोफोन आणि ट्रंपेटवाल्यांचा बँड, ही मंडळी फ्लॅटवाल्या पट्ट्यांमध्ये रमणारी, पांढरी तीन म्हणजे त्यांच्या बोटांना शिक्षाच, ते कशाला सुखासुखी तिथे जातील. त्याच्या अर्धा सूर खाली, काळी दोनमध्ये (E फ्लॅट) वाजवलं असणार, सरळ आहे. स्पीड खाली आणला की बरोब्बर काळी दोनच्या आसपास येतं. (आसपास म्हणतोय कारण 78 सुद्धा नेमके 78 नसतात, आपल्याकडच्या 50 सायकलच्या विजेवर स्ट्रोबची (फेऱ्यांचा वेग दाखवणारी) चकती बघून स्पीड लावला तर 77.92 येतो आणि अमेरिकेतल्या 60 वर 78.26. पण एवढा फरक टक् मोजून पकडता येत नाही आणि हॉटेलातला पियानो कलकत्त्याच्या दमट हवेत कितीसा सुरात राहत असेल ते पण आलंच.)

सगळ्यात लाज वाटली ती याची, की पोस्टमध्ये मी लिहिलं होतं 'वेदरफर्डचा उजवा हात वीज चमकल्यासारखा'. तर ती वीज निम्मीअधिक टर्नटेबलची होती. ते वाक्य काढलंय.

आता 1926. मान्य, तिथेही तुम्ही बरोबर, माझ्या वहीत 6 चा 8 झाला होता. पण काका, तुम्हाला वाटलं ही नुसती सालाची चूक आहे, मला वाटतं अख्खा प्रश्नच या सालावर उभा आहे. हाइन्स पिट्सबर्गहून शिकागोत आला 1925 च्या सुमारास. वेदरफर्ड त्या वेळी व्हेंडोम थिएटरमध्ये अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात. मूकपटांचं थिएटर, पडद्यावर सिनेमा आणि खाली ऑर्केस्ट्रा, आणि लोक ऑर्केस्ट्रासाठी तिकीट काढायचे, कारण 1925 च्या अखेरीपासून तिथे ट्रंपेटचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग पण वाजवत होता. मग 1926 मध्ये वेदरफर्ड जॅक कार्टरच्या बँडबरोबर शांघायला गेला. म्हणजे दोघं एका गावात होते ते फार तर दीडेक वर्ष. हाइन्सवर त्याची छाप पडली होती हे जॅझचा इतिहास लिहिणारे सांगत आलेत, पण छाप पडणं वेगळं आणि स्टाईल उचलणं वेगळं, आणि मी दुसरं लिहिलं. 'उचलली' हा शब्द मागे घेतो.

पण मग तुमचं उलटं विधानही टिकत नाही, तेवढं ऐकून घ्या. पुरावा म्हणून आपल्या हातात काय आहे? ऑक्टोबर 1923 मध्ये 19 वर्षांचा हाइन्स गायक लॉइस डेपीच्या बँडबरोबर इंडियाना राज्यात रिचमंडला जेनेट कंपनीच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओ रेल्वेलाइनला चिकटून, गाडी आली की रेकॉर्डिंग बंद. माइक नव्हता, भोंग्यासमोर वाजवायचं, आणि भोंग्यात सगळ्यात वाईट काय उतरत असेल तर पियानो, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तरी 'काँगेन'मध्ये त्याचा छोटा सोलो कळतो. वेदरफर्डकडून 28 मे 1926 ची टेटच्या ऑर्केस्ट्राची तबकडी, एका बाजूला 'स्टॅटिक स्ट्रट' आणि दुसरीकडे 'स्टॉम्प ऑफ, लेट्स गो'. तीन तीन मिनिटं, त्यात आर्मस्ट्राँगला जागा द्यायची, बाकीच्यांना द्यायची, आणि उरलेल्यात पियानो. पण तेवढ्यातही तो धडाक्यात घुसतो, डावा हात नेमाने चाललेला आणि मध्येच तो नेम मोडून उजव्याबरोबर भांडायला लागतो. हा भांडणारा डावा हात म्हणजेच तर सगळे ज्याला हाइन्सची खासियत म्हणतात! आणि हाइन्सचा तो हात रेकॉर्डवर खणखणीत ऐकू येतो 1928 मध्ये, 5 डिसेंबरला आर्मस्ट्राँगबरोबरचा 'वेदर बर्ड' आणि त्याच महिन्यातले आठ सोलो.

तर तारखा लावून बघितलं तर 1926 ची तबकडी आधीची. पण आधीची रेकॉर्ड म्हणजे आधीची कल्पना नव्हे, हे मला तुमच्या प्रतिक्रियेमुळेच नीट उमगलं. हाइन्स 1925-26 ला रोज रात्री क्लबात काय वाजवत होता ते कुठल्याही तबकडीवर नाही. आणि पॅरिसच्या ज्या सोलोंवरून तुम्ही नक्कल म्हणताय ('टी फॉर टू', 'वेदर बीटन ब्लूज' वगैरे, स्विंग कंपनीसाठी केलेले) ते 1937 चे. मधे अकरा वर्षं! त्या काळात हाइन्सच्या रेकॉर्ड्स जगभर फिरल्या, ग्रँड टेरेस क्लबातून त्याचा बँड एनबीसी रेडिओवरून अमेरिकाभर ऐकू जायचा. वेदरफर्ड 1934 ला ट्रंपेटवाल्या बक क्लेटनचा बँड शांघायला न्यायला म्हणून अमेरिकेत एक चक्कर मारून आला होता, तेव्हा त्याच्या कानावर काय काय पडलं असेल. म्हणजे 1937 मध्ये दोघं एकमेकांसारखे वाटले तर कोणी कोणाचं घेतलं हे 1937 वरून सांगताच येत नाही. तुम्ही नाही सांगू शकत, मी पण नाही.

तुम्हाला एक विचारतो. भास्करबुवा बखल्यांची एकही तबकडी नाही, पण बुवा कसे गात असतील हे आपण मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व ऐकून ताडतो, आणि त्याला कोणी पुरावा मागत नाही. वेदरफर्डच्या बाबतीत मी तेच करायला गेलो, हाइन्स ऐकून मागे जायला बघितलं. फरक एवढाच (आणि हा फरक मोठा आहे, तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो) की मास्तर बुवांकडे वर्षानुवर्षं तालीम घेऊन तयार झाले, हाइन्सने वेदरफर्डला नुसतं ऐकलं.

रेडिओचं. नाही, कलकत्त्याचे कार्यक्रम मी ऐकलेले नाहीत, पोस्टमधून तसं वाटलं असेल तर लिहिण्याच्या भरात झालं, आता तिथे स्पष्ट लिहिलंय. वेदरफर्डचा बँड तिथून अमेरिकन फौजेच्या रेडिओवर वाजवायचा, जिमी विदरस्पून नावाचा मर्चंट नेव्हीतला पोरगा, जो पुढे मोठा ब्लूज गायक झाला, तो त्याच बँडबरोबर त्या रेडिओवर गायला, एवढं पक्कं.

पण 'रेडिओवर झालं तर रेकॉर्डिंग असणारच' हे जे तुम्ही गृहीत धरताय ना, तिथे जरा थांबा. हाइन्स 1921 मध्ये डेपीबरोबर पिट्सबर्गच्या केडीकेए रेडिओ स्टेशनवर वाजवला, त्याचा आज एक सूरही नाही, कारण वाजवलं ते हवेत गेलं आणि संपलं. जागच्या जागी आवाजाचे चरे कापून लगेच ऐकता येईल अशी लॅकरची (धातूच्या गाभ्यावर मऊ लेप दिलेली) चकती बाजारात आली 1934 च्या आसपास. फौजेचा रेडिओ 16 इंची चकत्या वापरायचा, 33 च्या स्पीडने एका बाजूला पंधरा मिनिटं, आणि वापर झाला की त्या मोडून टाकायच्या असा नियम. त्यात युद्धात ॲल्युमिनियम विमानांना लागायचं म्हणून लॅकरच्या चकत्यांचा गाभा काचेचा करायला लागले. काचेची चकती! हातातून सुटली की गेली. जी फुटली नाही तिच्यावर काही दशकांनी पांढरी भुकटी साचते, लॅकरमधलं एरंडेल बाहेर येतं, आपल्या जुन्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते ना हुबेहूब तशी दिसते. ती न धुता सुई ठेवली की आवाजाच्या जागी नुसती खरखर, आणि कोणीतरी 'खराब आहे' म्हणून फेकून देणार.

छापील कार्यक्रमपत्रिका बघा असं तुम्ही सुचवलंय, 'इंडियन लिसनर' (ऑल इंडिया रेडिओचं कार्यक्रम छापणारं नियतकालिक) वगैरे. बघतो मी, स्कॅन केलेले अंक मिळतात. फक्त तिथे छापलेलं असतं काय होणार ते, काय झालं ते नाही. लग्नाच्या पत्रिकेवरचा मुहूर्त आणि अक्षता खरंच पडल्या ती वेळ, तसं.

आणि एक गंमत तुमच्या 'महत्त्वाचा असता तर जास्त रेकॉर्ड्स असत्या' या वाक्यासाठी. अमेरिकेत ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंग बंद पाडलं, सगळ्या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर 1944 उजाडला. नेमका त्याच काळात, 1943 ला, हाइन्सच्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी एकत्र होते, बीबॉप (जॅझचा पुढचा, नवा प्रकार) शिजत होतं तो बँड, आणि त्याची स्टुडिओत केलेली एकही रेकॉर्ड नाही. इकडे कलकत्त्यात युद्ध चालू असताना वेदरफर्डचा हॉटेलातला डान्स बँड मात्र कोलंबियाच्या तबकड्यांवर येत होता. तर रेकॉर्ड कोणाची निघाली आणि कोणाची नाही हे कित्येकदा युनियन ठरवते, तबकड्या जिच्यापासून बनायच्या ती लाख ठरवते (ती पण आपल्याच बिहार-बंगालकडून जायची आणि युद्धात अमेरिकेत तिचं रेशनिंग झालं), आणि कधी कधी निव्वळ नशीब.

पेटीवाल्यांचं म्हणाल तर गोविंदराव टेंब्यांवर लिहायचं माझ्या मनात आहेच, पण तुम्ही लिहा ना, तुमच्याकडे तबकड्या आहेत असं तुम्हीच म्हणता, मी ब्लॉगवर जागा देतो. आणि परका म्हणाल तर ताजमध्ये या लोकांनी जी हवा तयार केली त्यातच पुढे गोव्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट वाजवत होता, आणि तो सी. रामचंद्रांकडे 'अलबेला'ला होता. 'शोला जो भडके'वर तुमची पिढी नाचली असेल, नाकारू नका.

पोस्ट दुरुस्त केलीय, 1926 केलंय, 'उचलली' काढलंय, खाली तुमचं नाव न घेता 'एका जाणत्या वाचकाने दाखवलेल्या चुका' अशी नोंद टाकलीय, नाव हवं असेल तर कळवा. क्लिप पण नवी चढवलीय, या वेळी सरकपट्टी शून्यावर, दोनदा बघून. थोडी संथ वाटते आधीच्या मानाने, उजवा हात माणसासारखा वाजतो, आणि मजा म्हणजे डावा हात, जो आधी घाईत नुसता ठोकळ्यासारखा वाटत होता, त्यातले सूर आता वेगवेगळे मोजता येतात. टक् मोजून बघा, 78 यायला पाहिजेत. 77 आले तर लिहा, पण आधी स्टॉपवॉच तपासा.