‘बुधावर पाहण्यासारखे काही नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

बुधाकडे अवकाशयाने पाठवणे ही पैशांची आणि वेळेची नासाडी आहे, असे सांगणारा एक मजकूर समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जातो. बुध हा चंद्रासारखाच खड्ड्यांनी भरलेला निर्जीव गोळा आहे, तो पृथ्वीवरून दुर्बिणीने पाहता येतो, तिथे माणूस कधी राहू शकणार नाही, शिवाय नासाच्या यानाने तो एकदा पाहून झाला आहे, तेव्हा हा पैसा पृथ्वीवरच खर्चावा, असे त्याचे म्हणणे आहे. वरवर ऐकताना यातील प्रत्येक विधान पटते, म्हणूनच त्यांची एकेक करून तपासणी करायला हवी.

चंद्राशी असलेले साम्य फक्त पृष्ठभागापुरते आहे. बुधाचा व्यास सुमारे ४,८८० किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या दीडपटीहून थोडा कमी. पण त्याची घनता दर घनसेंटिमीटरला ५.४ ग्रॅम, जवळजवळ पृथ्वीइतकी आहे. पृथ्वीचे अंतरंग तिच्याच वजनाने दाबले गेलेले आहे आणि तो परिणाम वगळला, तर बुध पृथ्वीहूनही घन ठरतो. याचा अर्थ असा की त्याच्या पोटात लोखंडाचा प्रचंड गाभा आहे, आणि तो ग्रहाच्या त्रिज्येचा चार पंचमांशाहून अधिक भाग व्यापतो. एवढा गाभा आणि त्यावर खडकाचे एवढे पातळ आवरण का, हा खरा प्रश्न आहे. सूर्याच्या उष्णतेने वरचे खडक वाफ होऊन उडून गेले असावेत किंवा एखाद्या महाकाय धडकेने ते सोलवटून निघाले असावेत, अशी उत्तरे पूर्वी दिली जात, आणि दोन्हींत प्रखर उष्णता गृहीत होती. तसे घडले असते, तर सहज उडून जाणारी मूलद्रव्ये बुधावर फारशी उरायला नको होती.

नासाच्या मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरून नेमके हेच मोजले. पोटॅशियम उष्णतेने लवकर उडते, थोरियम उडत नाही. म्हणून या दोघांचे प्रमाण म्हणजे ग्रहाने किती उष्णता सोसली याची नोंदच होय. बुधावरचे हे प्रमाण मंगळाच्या जवळपास आणि चंद्राच्या कितीतरी पट अधिक निघाले. पृष्ठभागावर गंधकही अनपेक्षितपणे भरपूर सापडला. धडक झालीच नाही असे यावरून सिद्ध होत नाही, परंतु सारे हलके पदार्थ जाळून टाकणाऱ्या जुन्या कल्पना यामुळे मागे पडल्या. खडकाळ ग्रह कसे घडतात, याचा कोणताही सिद्धान्त पृथ्वी, शुक्र आणि मंगळ यांना लागू पडून बुधाशी अडत असेल, तर तो अपुराच म्हणावा लागतो. इतर ताऱ्यांच्या अगदी जवळून फिरणारे असंख्य ग्रह आता सापडले आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्या सूर्यमालेपुरताही उरलेला नाही.

दुर्बिणीचा मुद्दा तर पंचांगच खोडून काढते. बुधाचे उदय-अस्त त्यात पुन्हा पुन्हा येतात, कारण तो सूर्यापासून २८ अंशांहून दूर कधी जात नाही आणि बहुतेक काळ सूर्याच्या तेजात लोपलेला असतो. सूर्याच्या इतक्या जवळ रोखणे धोक्याचे असल्यामुळे हबल दुर्बीणही त्याच्याकडे वळवत नाहीत. इटालियन खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्ली यांनी एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीतून पाहून बुधाचे परिवलन ८८ दिवसांचे ठरवले आणि ती चूक १९६५पर्यंत टिकली. रडारने खरा आकडा सुमारे ५९ दिवसांचा असल्याचे दाखवले. ते रडार पृथ्वीवरच होते, हे मान्यच करायला हवे. १९९१ साली रडारनेच बुधाच्या ध्रुवांजवळ चकाकणारे पट्टेही दाखवले. परंतु ते पाण्याच्या बर्फाचे आहेत, याला भक्कम आधार २०१२ साली मिळाला, तो मेसेंजरच्या न्यूट्रॉनमापकाने. बुधाचा अक्ष जवळजवळ कललेला नसल्याने ध्रुवीय विवरांच्या तळाशी सूर्यप्रकाश कधीच पोहोचत नाही. म्हणून दिवसा ४३० अंश सेल्सिअस तापणाऱ्या ग्रहावर बर्फ टिकून आहे.

माणूस तिथे राहू शकणार नाही, हे खरे आहे. पण वस्ती करण्यासाठी ही याने पाठवावीत असे कोणी म्हटलेलेच नाही.

पैशांबद्दलचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. मेसेंजरवर सुमारे ४५ कोटी डॉलर खर्च झाले आणि ही रक्कम लहान नाही. तरी ती यानाची बांधणी, साडेसहा वर्षांचा प्रवास आणि चार वर्षांची निरीक्षणे, या सगळ्यांत विभागलेली होती, आणि ती अवकाशात नव्हे, पृथ्वीवरच्या माणसांच्या कामावर खर्च झाली. बुधाकडे गेलेल्या यानांत भारताचे एकही नाही, त्यामुळे हा पैसा आपल्या शाळा-दवाखान्यांतून वळवला गेला, असेही म्हणता येत नाही.

राहिला ‘एकदा पाहून झाले’ हा मुद्दा. नासाचेच मरिनर १० हे यान १९७४-७५ मध्ये बुधाजवळून तीनदा गेले, पण प्रत्येक वेळी ग्रहाची तीच बाजू उजेडात होती, म्हणून निम्म्याहून कमी पृष्ठभागाची छायाचित्रे मिळाली. तरीही बुधाला चुंबकीय क्षेत्र आहे, हा शोध त्याच यानाचा. मेसेंजरने सगळा पृष्ठभाग टिपला, पण त्याची कक्षा अतिशय लांबट होती: सुरुवातीला उत्तरेकडे ते सुमारे २०० किलोमीटरवर येई आणि दुसऱ्या टोकाला १५,००० किलोमीटरवर जाई. त्यामुळे दक्षिण गोलार्धाची मोजमापे विरळ राहिली, आणि बुधाचे चुंबकीय क्षेत्र तर केंद्रापासून सुमारे ४८० किलोमीटर उत्तरेला सरकलेले आहे. दक्षिणेकडे जवळून मोजल्याशिवाय या सरकण्याचे कारण कळणे कठीण आहे. २०१८ साली निघालेल्या बेपीकोलंबो मोहिमेत युरोपचे एक आणि जपानचे एक अशी दोन याने आहेत. नोव्हेंबर २०२६ मध्ये बुधाच्या कक्षेत पोहोचून वेगळी झाल्यावर एक यान ग्रहाजवळ राहून मोजणी करील, तर दुसरे दूरवर जाऊन त्याच वेळी सौरवाऱ्याचे, म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताचे, बदल नोंदवील. एकट्या मेसेंजरला चुंबकीय क्षेत्रातील बदल ग्रहाचा की सूर्याचा, हे त्या क्षणी ठरवता येत नसे.