रात्री दोनचं दुखणं: एका जुन्या वाचकाला उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही ‘एक जुना वाचक, सदाशिव पेठ’ एवढंच लिहिलंय, तेव्हा मीही नुसतं नमस्कार म्हणते.

सुझेट्रिजिन या नव्या वेदनाशामक गोळीवर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: “कंपनीचं माहितीपत्रक मराठीत करून छापलेलं दिसतंय. पैसे मिळाले असतील तर तसं सांगा. अमेरिकेत लोक गोळ्या खाऊन व्यसनी झाले, त्यांना हवी नवी गोळी, आपल्याला काय कामाची? आमच्या हिचा गुडघा बदलला तेव्हा रात्री दोन वाजता ती कळवळत होती आणि सिस्टर म्हणाली, इंजेक्शन झालंय, आता सकाळी डॉक्टर आल्यावर. त्यावर लिहा. नशीब, आपल्या बायकांना सोसायची सवय असते.”

पैसे मिळाले नाहीत. पण माहितीपत्रकाचा टोमणा लागला, कारण लेख परत वाचल्यावर तो निम्मा खरा वाटला. 30 जानेवारी 2025 ला अमेरिकेत मान्यता मिळाली, ही गोळी वेदना वाहून नेणाऱ्या नसांमधला एनएव्ही 1.8 हा सोडियमचा मार्ग अडवते, मेंदूला हात लावत नाही, म्हणून अफूच्या जातीच्या औषधांसारखं व्यसन लागायची भीती नाही, हे सगळं मी रंगवून सांगितलं. सांगायचं राहिलं ते असं: पोटावरची चरबी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याचं वाढलेलं हाड कापण्याच्या ऑपरेशननंतर चाचण्या झाल्या, त्यांत ती खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण हायड्रोकोडोन हे अफूच्या जातीचं औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या जुन्या जोडगोळीला मागे टाकू शकली नाही. सायटिकाच्या चाचणीत तर दहापैकी सुमारे दोन गुणांनी दुखणं कमी झालं, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचंही तेवढंच. वर मान्यतेच्या वेळी एका गोळीला साडेपंधरा डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने तेराशे रुपयांच्या पुढे. हे आता लेखात घातलंय.

तरीही ‘आपल्याला काय कामाची’ हे मान्य नाही. पंचाहत्तरीचे आजोबा, किडनी अशक्त, पूर्वी अल्सर होऊन गेलेला. म्हणून डायक्लोफेनॅक हे नेहमीचं वेदनाशामक बाद. उरलं पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल, ट्रामाडॉलने त्यांना उलट्या. असे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. तिथे आणखी एक पर्याय असेल तर मला तो हवाय, महाग असला तरी.

आता त्या रात्रीबद्दल. तुमच्या पत्नीची फाइल मी पाहिलेली नाही, पण ही गोष्ट ओळखीची आहे. गुडघ्यासाठी पाठीत भूल देतात, ती काही तासांत उतरते. बरोबरीने बहुतेक ठिकाणी मांडीत नसेपाशी बधिर करायचं औषध सोडतात, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो साधारण बारा ते अठरा तास टिकतो. सकाळी नऊला ऑपरेशन झालं की संध्याकाळी पेशंट भेटायला आलेल्यांशी हसून बोलतो, म्हणतो, काहीच दुखत नाही, गोळी कशाला? आणि मध्यरात्रीनंतर ब्लॉक उतरतो, हळूहळू नाही, एकदम. तोवर दुखण्याची एकही गोळी पोटात गेलेली नसते. दुखणं चढल्यावर ते खाली आणायला जितकं औषध लागतं, त्याच्या किती तरी कमीत ते आधीच अडवता येतं. म्हणून दुखत नसतानाच, संध्याकाळपासून घड्याळ लावून गोळ्या सुरू करायच्या असतात. यात नवीन काही नाही. सिस्टरचीही चूक नाही. तिच्या कागदावर पुढचा डोस लिहिलेलाच नव्हता.

मग मॉर्फिन, ते अफूपासूनचं जालीम वेदनाशामक, का नाही दिलं? ते ठेवणं म्हणजे कुलपाचं कपाट, रजिस्टर, एकेका अँप्यूलचा हिशोब. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टरांनाही इतकं घाबरवलं की लहान हॉस्पिटलांनी त्याचं नावच टाकलं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची भानगड बरीच कमी केली, पण भीती काही कायद्याबरोबर बदलली नाही. पुण्यातच वारज्याच्या सिप्लाच्या पॅलिएटिव्ह सेंटरमध्ये (आलं बघा पुन्हा कंपनीचं नाव!) 1997 पासून कॅन्सरच्या रुग्णांची वेदना सांभाळतात, तीही मोफत. इकडे गुडघेवाल्यांना त्याच शहरात सकाळची वाट पाहायला सांगतात. अमेरिकेत या औषधांचा अतिरेक झाला, आपल्याकडे दुष्काळ आहे. हे तुम्ही बरोबर पकडलंत.

पण ‘सोसायची सवय’ राहू द्या. परवा एका मावशींना विचारलं, शून्य ते दहापैकी दुखणं किती? म्हणाल्या, “आकडा कसला, ठणकतंय नुसतं.” तरी सांगा म्हटल्यावर शेजारी उभ्या मुलाकडे बघून म्हणाल्या, “चार.” हाताने पलंगाची दांडी इतकी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. मुलगा चहाला गेल्यावर चाराचे आठ झाले. अशाच आकड्यांची अठ्ठेचाळीस तास बेरीज करून नव्या औषधांचा निकाल लागतो, हे मनात आलंच. आणि सोसणारा पेशंट पाय हलवत नाही, फिजिओथेरपिस्टला परत पाठवतो. मग गुडघा आखडतो, तो नव्वद अंशांच्या पुढे वाकत नाही.

दुसरा गुडघा दिवाळीनंतर आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तर सर्जनबरोबर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही आदल्या दिवशी भेटा. ब्लॉक देणार का, किती तास टिकेल, तो उतरायच्या आधी कोणती गोळी किती वाजता सुरू होणार, हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या. आणि रात्री दोनला दुखलं तर सिस्टर फोन कोणाला लावणार, त्या माणसाचं नावही.