खुलासा : ‘अणुपाणबुडी शंभर वर्षं चालते’ हे खरं नाही

दारव्हा, दिग्रसकडच्या गावांतल्या भरतीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘अरिहंतमध्ये एकदा इंधन भरलं की ती शंभर वर्षं चालते, कधीच निवृत्त होत नाही.’ अरिहंत म्हणजे आपल्या नौदलाची अणुइंधनावर चालणारी पाणबुडी. पोरं हे वहीत उतरवून घेत आहेत, म्हणून लिहितो.

अणुइंधन वर्षानुवर्षं पुरतं, एवढं खरं. पण पाणबुडीचं आयुष्य फक्त इंधनावर ठरत नाही. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की जवळपास एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो. ३०० मीटरवर पोलादी कवच तीसपट दाब सोसतं, वर आलं की सैलावतं. हे शेकडो वेळा झालं की धातू थकतो, जोडांना बारीक तडे जाऊ शकतात. खारं पाणी नळ्या पोखरतं. अणुभट्टीचं पोलादी भांडंही न्यूट्रॉनच्या माऱ्यानं हळूहळू ठिसूळ होतं. विहिरीवर चोवीस तास लाइन असली तरी गंजलेला पाइप फुटायचा तो फुटतोच.

अमेरिकेची ‘ओहायो’ ही अणुपाणबुडी १९८१ साली नौदलात आली. त्या वर्गाचं, म्हणजे त्याच धर्तीवर बांधलेल्या पाणबुड्यांचं, आयुष्य आधी ३० वर्षं धरलं होतं, पुढे ते ४२ केलं. मधे एकदा इंधनही बदलावं लागलं. नव्या ‘कोलंबिया’ वर्गात इंधन बदलायचंच नाही, तरी आयुष्य ४२ वर्षंच!

आपली ‘अरिहंत’ २०१६ साली दाखल झाली, तशीच दुसरी अणुपाणबुडी ‘अरिघात’ ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यांचं आयुष्यही नुसत्या इंधनावर ठरणार नाही.

मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाकावा.