खुलासा : ‘टेम्पल ग्रँडिन’ला ऑस्कर मिळालेले नाही

अमेरिकी पशुशास्त्रज्ञ टेम्पल ग्रँडिन यांच्या जीवनावरील ‘टेम्पल ग्रँडिन’ या चित्रपटात त्यांची भूमिका करणाऱ्या क्लेअर डेन्स यांना ऑस्कर मिळाले आणि त्यात दाखवलेले ‘मिठीयंत्र’ (शरीराला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे यंत्र) ग्रँडिनबाईंनी गाईंसाठी शोधले, असा मजकूर सध्या फिरतो आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

मिक जॅक्सन दिग्दर्शित हा चित्रपट २०१० मध्ये एचबीओ वाहिनीवर प्रसारित झाला. तो दूरचित्रवाणीसाठीच बनवलेला असल्याने ऑस्करचा प्रश्न येत नाही. त्याला दूरचित्रवाणीसाठीचे ७ एमी पुरस्कार मिळाले, त्यांत डेन्स यांचा अभिनयाचा पुरस्कार आहे.

यंत्राची गोष्ट तर नेमकी उलटी आहे. ॲरिझोनात टेम्पलच्या सावत्र वडिलांच्या बहिणीच्या गुरांच्या रँचवर, लस टोचताना जनावराला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा आधीपासूनच वापरात होता. त्यात काही गुरे शांत होतात हे पाहून स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या किशोरवयीन टेम्पलने तसाच दाब स्वतःला मिळावा म्हणून आपले यंत्र बनवले. म्हणजे कल्पना गुरांकडून माणसाकडे आली. गुरांसाठी त्यांनी केलेले काम वेगळे आहे (आणि माझ्या मते अधिक मोलाचे) : कत्तलखान्यांत जनावरे बिथरू नयेत म्हणून आखलेल्या वळणदार वाटा.